नगराचा शिल्पी कीं नगराचा कंत्राटदार?

जालन्याची नगरपालिका २०२३ सालीं महानगरपालिका झाली, तेव्हांपासून आम्ही एक गोष्ट वारंवार बोलत आलों आहों. ती ही कीं, ह्या शहरानें आपल्या सेवेंत एक चांगला वास्तुशिल्पज्ञ, म्हणजे व्यवहारांत ज्यास आर्किटेक्ट म्हणतात तसा एक मनुष्य, नेमावा. आणि शाळा, दवाखाना, मंडई, वाचनालय, स्मशान, जें जें सार्वजनिक पैशानें उभें राहावयाचें तें तें त्याच्या हातून व त्याच्या जबाबदारीवर उभें राहावें. ह्यावर आमच्या स्नेहीमंडळींकडून जें उत्तर मिळतें तें ठराविक आहे. ‘घरांत नाहीं दाणा, अन् मला बाजीराव म्हणा’ ही म्हण आमच्या तोंडावर फेंकण्यांत येते. ज्या गांवानें २०१२-१३ च्या अवर्षणांत टँकरच्या मागें घागरी घेऊन धांवण्याचा अनुभव घेतला, त्या गांवानें आधीं पाणी पाहावें, गटारें पाहावीं, रस्ते पाहावे, शोभा मागाहून. इंजिनियर आहे, ओव्हरसियर आहे, कंत्राटदार आहे. मग हा चौथा पाहुणा कशाला? आणि ह्यांतले कांहीं जण, जे स्वतःस अधिक स्वदेशाभिमानी समजतात, ते एवढी पुरवणी जोडतात कीं, हें सारें साहेबाचें खूळ आहे. मोठ्या इमारती बांधून प्रजेस दिपविण्याची ती साम्राज्यशाही युक्ति होती, ती त्याच्याबरोबर गेली तें बरें झालें.

आम्हांस हीं दोन्हीं मतें चुकीचीं वाटतात. नुसतीं चुकीचीं नव्हे, तर घातुक वाटतात.

आर्किटेक्ट म्हणजे दर्शनी भिंतीवर नक्षी काढणारा, ही समजूतच मुळांत खोटी आहे. आणि ती खोटी आहे हें पाहण्यास यूरोपांत जाण्याचें कारण नाहीं, मुंबईस जाणारी रात्रीची गाडी पुरे आहे. अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया कोणीं काढला, असा प्रश्न आम्हीं एकदां वर्गांत विचारला. ‘इंग्रजांनीं,’ असें एकानें उत्तर दिलें व बाकीच्यांनीं माना डोलावल्या. राष्ट्रें इमारती काढीत नसतात. इमारत एक मनुष्य काढतो. त्यास एक जागा दिलेली असते, त्या जागेस पगार, अधिकार व जबाबदारी असते, आणि त्याच्या मागें नकाशे काढणाऱ्या व दगड तासणाऱ्या माणसांची एक शाळा असते. शिवाय हा मनुष्य तर इंग्रजहि नव्हता. तो स्कॉच होता.

जॉर्ज विटेट ह्याचा जन्म १८७८ सालीं स्कॉटलंडांतील ब्लेअर अ‍ॅथॉल ह्या गांवीं झाला. १९०४ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, जॉन बेग ह्याचा मदतनीस म्हणून तो मुंबईस आला. बेग हा मुंबई सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट होता. तो पुढें हिंदुस्थान सरकारच्या नोकरींत वर गेल्यावर मुंबईची ती जागा विटेटकडे आली. १९१९ सालीं सरकारी नोकरी सोडून तो टाटांकडे गेला, आणि १९२६ सालीं मुंबईंतच आमांशाच्या विकारानें वारला. त्याचें वय तेव्हां अवघें सत्तेचाळीस वर्षांचें होतें. शिवडीच्या दफनभूमींत त्याची माती पडली आहे. बावीस वर्षांचा हा मुक्काम; पण तेवढ्यांत मुंबईच्या दक्षिण टोंकापासून परळपर्यंत त्यानें जें काम करून ठेवलें, तें वजा केलें तर त्या शहराचा चेहरा ओळखूं येणार नाहीं.

वस्तुसंग्रहालयाचेंच उदाहरण घ्या. आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय म्हणतात त्या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसली; पण नकाशा कोणाचा घ्यावा हें १९०९ सालीं खुल्या स्पर्धेनें ठरलें, व त्या स्पर्धेंत विटेटचा नकाशा निवडला गेला. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड, म्हणजे हाताशीं असलेलाच माल, त्यानें वापरला. घुमटासाठीं तो विजापुरास गेला. विजापूर तेव्हां मुंबई इलाख्यांतच होतें, आणि बेगनेंहि पोस्ट ऑफिसच्या मोठ्या इमारतीसाठीं गोलघुमटाकडेच पाहिलें होतें. आंत नाशिकच्या एका वाड्यांतली लांकडी कमानींची रचना आणून बसविली. इमारत उभी राहिली तों महायुद्ध आलें, आणि वस्तु मांडावयाच्या दालनांत कांहीं वर्षें जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. संग्रहालय म्हणून ती १९२२ च्या जानेवारींत उघडली. जी इमारत एका कामासाठीं काढलेली असतांना दुसऱ्या कामास उजेडाच्या व वाऱ्याच्या दृष्टीनें अंगावर येत नाहीं, ती नुसती शोभेची म्हणतां येईल काय?

शोभेचा आरोप ज्यावर खरोखर येऊं शकतो ती इमारत गेटवे. पांचवे जॉर्ज बादशहा २ डिसेंबर १९११ रोजीं अपोलो बंदरावर उतरले तेव्हां तेथें पुठ्ठ्याची कमान होती. दगडाची पुरी होऊन उद्‌घाटन होण्यास ४ डिसेंबर १९२४ उजाडला. खर्च सुमारें एकवीस लाख. मधला घुमट ४८ फूट व्यासाचा, उंची ८३ फूट, वळण सोळाव्या शतकांतील गुजराथी इमारतींचें. आमच्या मतें ही विटेटची सर्वोत्तम कृति नव्हे. तिच्यांत भार फार व हेतु थोडा. पण तिच्याकडे येणारा जो सरळ रुंद रस्ता योजिला होता तो पैशाच्या अभावीं झालाच नाहीं, आणि म्हणून आजतागायत ही कमान आपल्या रस्त्याशीं तिरकी उभी आहे. घर एकाच्या हातीं व रस्ता दुसऱ्याच्या हातीं, नकाशा आज व पैसा उद्यां, असें झालें म्हणजे काय होतें ह्याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसेल.

आतां स्वदेशाभिमानी मित्रांकडे वळूं. परळचें केईएम इस्पितळ व त्याला लागून असलेलें गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हीं १९२६ सालीं सुरू झालीं. त्या महाविद्यालयासाठीं ज्यांनीं पैसा दिला त्यांची अट अशी होती कीं, तेथील सारे अध्यापक हिंदी असावे, आणि ते सरकारी वैद्यकीय नोकरींतले नसावे. गोऱ्या डॉक्टरांची मक्तेदारी मोडण्यासाठींच ही संस्था निघाली, तिचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता झाले, आणि तिचा कारभार मुंबईच्या म्युनिसिपालिटीकडे राहिला. स्वदेशीच्या अभिमानांत ही मंडळी आमच्या मित्रांहून तसूभरहि कमी नव्हती. पण इस्पितळाचा नकाशा त्यांनीं विटेटकडून काढून घेतला! कारण त्यांस ठाऊक होतें कीं, रोग्याच्या खाटेवर वारा कोणत्या बाजूनें यावा हा प्रश्न साम्राज्याचा नसून अकलेचा आहे.

आणि हें सारें साहेबानेंच केलें, असें तरी कोण म्हणतो? बोरीबंदरच्या स्टेशनाचें श्रेय स्टीव्हन्सला मिळतें. त्याच्या हाताखालीं असिस्टंट इंजिनियर म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, देखरेखीस महादेव जनार्दन होते, आणि दगडांतलीं पानें, पक्षी व माकडें मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं कोरलीं. आमच्या वाङ्मयांत त्या काळच्या प्रत्येक सभेंतील प्रत्येक वक्त्याचें चरित्र आहे. ह्या वैद्यांचें कोठें आहे? व्याख्यान देणाऱ्यास आपण थोर मानतों आणि घर बांधणाऱ्यास मजूर, ही आमची जुनी खोड आहे. प्राध्यापकवर्ग त्या खोडीस सर्वांत अधिक पात्र, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच नाहीं. १९१७ सालीं मुंबईंत वास्तुकारांचा जो संघ निघाला व ज्यांतून पुढें इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली, त्याचा पहिला अध्यक्ष विटेटच होता. जे. जे. कलाशाळेंत वास्तुशिल्पाचा वर्ग वाढला. १९२३ पासून क्लॉड बॅटली तेथें प्राध्यापक झाला, व त्यानें मुलांच्या हातीं फुटपट्टी देऊन जुन्या हिंदी इमारती मोजावयास लाविल्या. म्हणजे एका जागेच्या भोंवतीं एक विद्या उभी राहिली. साहेब गेला, विद्या राहिली. आमचे मित्र साहेबाबरोबर विद्येलाहि बोटींत बसवून देऊं पाहतात.

पण ती विद्या जालन्यापर्यंत कां आली नाहीं? ह्याचें उत्तर नकाशावर आहे. मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील त्या प्रकारचा तो पहिला. मनमाडहून निघालेली निजामाची लहान रुळांची गाडी ज्या सरहद्दीवरून आंत शिरत असे, त्या सरहद्दीवर तो कायदा थबकला. आणि निजामाच्या राज्यांत काय होत होतें? १९०८ च्या सप्टेंबरांत मुशी नदीला महापूर आला, हैदराबाद धुऊन निघालें, आणि १९१२ सालीं तेथें शहर सुधारणा मंडळ स्थापन झालें. १९१४ सालीं व्हिन्सेंट एश हा वास्तुकार आला. त्यानें काचीगुड्याचें स्टेशन, हायकोर्ट, सिटी हायस्कूल, उस्मानिया इस्पितळ हीं कामें केलीं. कामें उत्तम आहेत, आम्हीं तीं पाहिलीं आहेत. पुढें उस्मानिया विद्यापीठाच्या इमारतींसाठीं दोन हैदराबादी वास्तुकारांस अमेरिकेपासून जपानपर्यंत जगभर हिंडवून आणण्यांत आलें. हा सारा पैसा कोठून आला? त्यांत औरंगाबादेच्या, परभणीच्या, बिडाच्या, नांदेडच्या शेतकऱ्याचा सारा होता, आणि जालन्याच्या सरकी-कापसाच्या बाजारावरील कर होता. मंडळाचें क्षेत्र मात्र हैदराबाद शहर. १९४८ सालीं ती सत्ता गेली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. १९८१ सालीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक वेळीं आम्हीं कचेऱ्या मागितल्या, आणि त्या मिळाल्या. कचेरीस घर लागतें व तें घर कोणीं तरी विचार करून काढावें लागतें, हें मागण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं.

ह्याचा परिणाम डोळ्यांपुढें आहे. कोंकणांतील पावसासाठीं व मराठवाड्यांतील उन्हासाठीं एकच छापील नकाशा. खोल्यांची संख्या तेवढी वाढवावयाची. आम्हांस एका सार्वजनिक सभागृहांत मे महिन्यांत व्याख्यानास जावें लागलें. सभागृह नवें होतें, फरशी चकचकीत होती, आणि खिडक्यांची सारी रांग पश्चिमेकडे होती. सायंकाळीं पांच वाजतां श्रोत्यांनीं खुर्च्या उचलून पूर्वेच्या भिंतीशीं लाविल्या, व वक्ता एका बाजूस आणि सभा दुसऱ्या बाजूस अशी व्यवस्था झाली. पुढें तेथें थंड हवेचीं यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांचें विजेचें बिल दरमहा येतें. खिडकीची दिशा कागदावर बदलण्यास कांहीं खर्च लागला नसता. आमचे काटकसरी मित्र ज्या मनुष्याचा पगार वांचवूं म्हणतात, त्याचा पगार ह्याप्रमाणें यंत्रांस मिळतो.

येथें एक आक्षेप असा आहे कीं ज्यास आम्ही खरोखर मान देतों. असा मनुष्य नेमला तर तो कोणाच्या तरी मेहुण्याचा मेहुणा असेल, व ती जागा म्हणजे नवें वतन होईल, असें कांहीं अनुभवी गृहस्थ म्हणतात. हें भय काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं तें अक्षरशः घडलें आहे. फिलिप जॉन्सन नांवाचा वास्तुकार तेथील सत्ताधारी पक्षाचा पुढारी इझ्रेल डरॅम ह्याचा मेहुणा होता. १९०३ सालीं त्यानें शहराच्या आरोग्यखात्याच्या इमारतींचें काम तहहयात आपणांसच मिळेल असा करार पदरांत पाडून घेतला. पुढें सुधारकांच्या हातीं कारभार आला, त्यांनीं करार मोडण्याची खटपट केली. कोर्टानें करार मोडला नाहीं. १९३३ सालीं मरेपर्यंत इस्पितळें, वेड्यांचीं इस्पितळें, नगरसभागृह, असें काम त्याच्याकडे येतच राहिलें, आणि वीस लाख डॉलरांच्या वर मेहनताना त्यानें मिळविला. गंमत अशी कीं तो अगदींच अनाडी नव्हता. त्याच्या इमारती उभ्या राहिल्या व कांहीं चांगल्याहि होत्या. त्यामुळें तर हें उदाहरण अधिक भयंकर! बरें काम करणारा वतनदार हटविणें वाईट काम करणाऱ्यापेक्षां कठीण असतें.

परंतु त्याच देशांत, त्याच काळांत, शिकागो शहरीं ह्याच्या उलट घडलें. ड्वाइट पर्किन्स हा १९०५ पासून तेथील शाळामंडळाचा वास्तुकार होता. शाळा म्हणजे मुलें कोंडण्याची कोठी नव्हे, तिच्यांत उजेड यावा, तिला खेळावयास अंगण असावें, ह्यासाठीं त्यानें हट्ट धरला. त्यानें काढलेलें कार्ल शुर्झ हायस्कूल आजहि शिकागोच्या नांवाजलेल्या इमारतींत गणलें जातें. कंत्राटें व माल कोणाकडून घ्यावा ह्यांत पुढाऱ्यांची शिफारस तो मानीत नसे. १९१० सालीं अकार्यक्षमता, उधळपट्टी आणि अवज्ञा असे आरोप ठेवून मंडळानें त्याची उघड चौकशी केली व त्यास काढून टाकलें. आरोपांतला तिसरा शब्द वाचकांनीं पुन्हा एकदां वाचावा. बाकीचे दोन त्याच्या आधारासाठीं होते. एकास कोर्ट हलवूं शकलें नाहीं आणि दुसऱ्यास मंडळानें पांच वर्षांत घालविलें. दोघांची जागा एकच, विद्या एकच. फरक होता तो जागेच्या अटींत. जॉन्सनच्या करारास मुदत नव्हती, पर्किन्सच्या नोकरीस संरक्षण नव्हतें. तेव्हां ‘मेहुण्याचें भय’ हें जागा न निर्माण करण्याचें कारण होऊं शकत नाहीं. अटी नीट लिहिण्याचें तें कारण आहे. आणि आमच्या अनुभवी मित्रांस आम्ही नम्रपणें विचारतों, आज जेथें आर्किटेक्ट नाहीं तेथें मेहुणे नाहींत काय? ते कंत्राटदाराच्या वेषांत येतात एवढेंच. आणि कंत्राटदार नकाशावर सही करीत नाहीं, म्हणून भिंत पडली तर विचारावें कोणास, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आमची मागणी म्हणून अशी आहे. पांच वर्षांची मुदत असावी, ती एकदांच वाढवितां यावी. मुदतीच्या आंत लेखी कारणावांचून व उघड चौकशीवांचून काढतां येऊं नये. एका ठराविक रकमेवरील प्रत्येक इमारतीस खुली स्पर्धा असावी, व नगरवास्तुकारानें त्या स्पर्धेंत स्वतः भाग न घेतां तिची व्यवस्था पाहावी. मंजूर झालेला प्रत्येक नकाशा सार्वजनिक वाचनालयांत तीन महिने टांगलेला असावा, म्हणजे ज्यास खिडकी कोणत्या दिशेस आहे हें पाहावयाचें असेल त्यास पाहतां येईल. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानें जे अधिकारी अवश्य नेमावयास सांगितले आहेत त्यांत शहर अभियंता आहे, आरोग्याधिकारी आहे, हिशेबतपासनीस आहे, चिटणीस आहे; वास्तुकाराचें नांव नाहीं. पण कायद्यानें सांगितलें नाहीं तें करण्यास कायद्यानें मनाईहि केलेली नाहीं; आणि १९७२ च्या कायद्यानें आर्किटेक्ट कोणास म्हणावें हें ठरवून दिलें आहे, तेव्हां मनुष्य ओळखण्याचीहि अडचण नाहीं.

‘आधीं पाणी, मग शोभा’ ह्या वाक्याचें उत्तर मात्र आम्ही मुंबईस किंवा अमेरिकेस जाऊन देऊं इच्छीत नाहीं. तें आमच्या गांवांतच साडेचारशें वर्षांपूर्वीं देऊन ठेवलेलें आहे. जमशीदखानानें १५७८ च्या सुमारास येथें काळी मशीद बांधली. तिच्याबरोबर वाटसरूंसाठीं सराई बांधली, हमामखाना बांधला, आणि ह्या सर्वांस पाणी पुरावें म्हणून मोती तलाव बांधून तेथून जमिनीखालून नळ आणून हौद भरले. धर्माची जागा, उतरण्याची जागा, स्नानाची जागा आणि पाणी हीं त्यानें चार खात्यांकडे चार फायलींत पाठविलीं नाहींत. एकाच डोक्यांत चारींचा नकाशा होता. आमचे मित्र ज्यास पाणी म्हणतात व ज्यास शोभा म्हणतात, तीं त्याच्या लेखीं एकाच कामाचीं दोन टोंकें होतीं. अंबडची पुष्करिणी अहिल्याबाईंच्या नांवावर सांगतात. तिच्या पायऱ्यांवर उभें राहून कोणीं सांगावें कीं येथें पाणी कोठें संपलें आणि शोभा कोठें सुरू झाली!

ह्या जुन्या नळांपैकीं किती जमिनीखालीं अद्याप शाबूत आहेत, हें कोणी मोजलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. दरवर्षीं रस्ता खणला जातो. आज तारेसाठीं, उद्यां जलवाहिनीसाठीं, परवां गटारासाठीं. आणि खणणाऱ्याच्या हातीं पहार असते, नकाशा नसतो. २०११ च्या जनगणनेंत ज्या शहराची वस्ती पावणेतीन लाखांच्या वर भरली, त्यास आपल्या पोटांत काय आहे हें ठाऊक नसावें! नगरवास्तुकार नेमला तर त्यानें पहिल्या वर्षीं एकहि इमारत काढूं नये, असें आमचें सुचवणें आहे. बॅटलीच्या विद्यार्थ्यांप्रमाणें आमच्या महाविद्यालयांतील पन्नास मुलें त्यास द्यावीं, फुटपट्ट्या व दोऱ्या द्याव्या, आणि मोती तलावापासून काळ्या मशिदीपर्यंत, मस्तगडापासून कुंडलिकेच्या दोन्हीं तीरांपर्यंत, जें आहे तें मोजून कागदावर उतरवून घ्यावें. मुलें आम्ही देतों. पावसाळा संपल्यावर, पहिली पहार पडण्यापूर्वीं, कामास लागतां येईल.